आबांनी मटण सोडलं

माझ्या वडिलांनी मटण सोडलं तेव्हा कळमनुरीत फक्त फटाके वाजवायचे राहिले होते. बाकी सगळं झालं. लोक घरी येऊन त्यांना बघून गेले, नातेवाइकांनी फोन केले, बाजारच्या दिवशी खेड्यांतून येणारी गिऱ्हाईकं दुकानापुढं उभी राहून आधी आबांच्या पोटाकडं बघायची आणि मग मटणाकडं. कारण आम्ही खाटीक. आबांचं मटणाचं दुकान, त्यांच्या वडिलांचंही तेच, आणि आबा स्वतः असे खाणारे की पंगतीत त्यांच्या शेजारी बसायला माणसं कचरायची. अशा माणसानं मटण सोडलं, अंडी सोडली, सिद्धेश्वरच्या धरणातले मासे सोडले, मग दूध, दही, तूपसुद्धा सोडलं आणि तो नुसत्या पालेभाज्या, धान्य आणि डाळींवर राहायला लागला. त्यांचं वजन उतरलं, साखर उतरली, छातीतली धडधड थांबली. हे सगळं खरं आहे. मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे आणि त्यातलं काहीच मला खोडायचं नाही. तरीसुद्धा ते दिवस आठवले की अजून माझे कान गरम होतात, आणि हे प्रकरण लिहायला मी इतकी वर्षं टाळाटाळ केली ती शांतपणे लिहिता येईल या आशेनं. तशी काही लक्षणं दिसत नाहीत, तेव्हा रागातच लिहिते.

आमचं घर दुकानाच्या मागंच होतं. पुढं दुकान, मधे बोकडं बांधायची जागा, मागं दोन खोल्या आणि अंगण. पहाटे बोकडाच्या ओरडण्यानं नाही, तर ते ओरडणं एकाएकी थांबल्यानं आम्हाला जाग यायची. थोड्या वेळानं चिंचेच्या ठोकळ्यावर सत्तूर पडायला लागायचा. त्या आवाजावर मी अभ्यास केला आहे, पाढे पाठ केले आहेत, आजारपणात त्या आवाजावर झोपले आहे. पलंगाचा पाया, भिंतीतली फळी, फळीवरचे स्टीलचे डबे, सगळं त्या ठोक्याबरोबर बारीक थरथरायचं. आबांच्या हाताला वेग होता आणि तोंडालाही. "पुठ्ठ्याचं देऊ का, बरगडीचं?" असं विचारता विचारता ते गिऱ्हाइकाच्या घरातलं लग्न, भांडण, बाळंतपण सगळं काढून घ्यायचे. हळद शिजवायच्या दिवसांत वसमतच्या बाजूनं येणाऱ्या लोकांच्या कपड्यांना ओल्या हळदीचा वास असायचा आणि आमच्या कपड्यांना आमचा. शाळेत मला त्यावरून चिडवायचे. मी उलटून मारायचे. राग माझ्यात तेव्हापासूनच होता, तो काही आबांनी शिकवला नाही.

दुकानाचा एक नियम होता आणि तो आबांच्या वडिलांपासून चालत आलेला होता. विकलं गेलं ते गावाचं, उरलं ते घरचं. चांगले तुकडे उरत नसत, उरायची ती मुंडी, खूर, वजरी म्हणजे पोटातली आतडी, फोफसं आणि चरबी. संध्याकाळी आबा त्याचं गाठोडं करून आत आणायचे आणि मायसमोर ठेवायचे. घरात फ्रिज होता, नाही असं नाही. पण भारनियमन असं होतं की वीज कधी येईल हे कुणाच्याच हातात नसायचं, त्यामुळे माय त्या फ्रिजमध्ये उंदीर लागू नयेत म्हणून डाळी ठेवायची. म्हणजे आणलेलं त्याच संध्याकाळी शिजायचं आणि त्याच संध्याकाळी संपायचं. माय हट्टा गावची. तिच्या माहेरीही हाच धंदा, त्यामुळे तिला यातलं काही शिकवावं लागलं नाही. मुंडी चुलीवर भाजायची, खरडायची, वजरी चुन्याच्या पाण्यानं धुऊन पांढरी करायची, चरबीच्या तुपात कांदा परतायचा, येसर, म्हणजे भाजक्या धान्याचं मसाल्याचं पीठ, टाकायचं. आळणी, म्हणजे बिनतिखटाचा रस्सा, वेगळी काढून आधी मला आणि माझ्या धाकट्या भावाला, गणेशला, वाटीतून द्यायची. मग जवारीच्या गरम भाकरी आणि ती लालभडक, वर तवंग आलेली भाजी. आम्ही चौघं गोल बसायचो. आबा मुंडीतला भेजा काढून गणेशच्या भाकरीवर ठेवायचे आणि जिभेचा तुकडा मला द्यायचे, "बोलायला लई लागते हिला," असं म्हणून. त्या दिवसांतल्या माझ्या बापावर माझं प्रेम होतं. तेही लिहून ठेवायला पाहिजे.

मग एके दिवशी सोललेला बोकड आकड्याला अडकवता अडकवता आबांचा हात खाली आला आणि ते तिथंच ठोकळ्याला टेकून बसले. घामानं बनियन भिजलं होतं. शेजारच्या दुकानदारानं जीप काढली आणि त्यांना नांदेडला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी वजन केलं, साखर बघितली, छातीची पट्टी काढली आणि सांगितलं की असंच चालू राहिलं तर पुढच्या वेळी जीप आणायला वेळ मिळणार नाही. आबा घाबरले. मोठ्या अंगाचा माणूस घाबरतो तेव्हा त्याच्याकडं बघवत नाही. माय दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली. त्याच दवाखान्यात कुणीतरी त्यांना एका साहेबांच्या शिबिराची माहिती दिली. साहेब सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, अंगानं काटक, आणि फक्त वनस्पतींचं खाऊन साखर आणि वजन कसं उतरवायचं हे शिकवायचे. आबा तिथं राहून आले. आले ते वेगळेच होऊन.

"आजपासून माझ्या ताटात जनावराचं काहीच नको," अंगणात चपला काढता काढताच ते म्हणाले. "मटन न्हाई, अंडं न्हाई, दूध बी न्हाई."

"दुधानं काय केलं?" माय म्हणाली.

"त्यात बी चरबीच हाय. साहेबानं बराबर समजावून सांगितलं."

"मंग चहा?"

"शेंगदान्याचं दूध करायचं. शेंगदाने भिजवायचे, सकाळी पाट्यावर बारीक वाटायचे, फडक्यातून गाळायचे."

"कोन?"

"काय कोन?"

"काई न्हाई," माय म्हणाली. "इचारलं."

पाटा कोणाच्या वाट्याला आला हे सांगायला नको. मिक्सर होता, पण वीज नसायची. आबांच्या फिरायला जाण्याआधी तो चहा लागायचा, म्हणजे मायचा दिवस त्यांच्या दिवसाच्या आधी सुरू व्हायचा. ते नांदेडच्या रस्त्यानं हात हलवत निघायचे, परत आले की भिजवलेले मूग, त्यावर लिंबू, काकडी. मग दुपारी बिनतेलाची भाजी आणि भाकर. तांदुळजा, चुका, अंबाडी, घोळ, जे बाजारात असेल ते, पण ताजं पाहिजे आणि निवडून निवडून बारीक पाहिजे. भाकरीबरोबर जवसाची नाहीतर कारळाची चटणी. मधल्या वेळी उकडलेले हरभरे. संध्याकाळी कण्या, मुगाचं वरण. त्यांच्या भांड्यांना मटणाचा वास नको म्हणून त्यांचा तवा वेगळा, पातेली वेगळी, घासायचा काथ्यासुद्धा वेगळा. त्यांची चूल आत राहिली आणि दुसरी चूल अंगणात, बोकडं बांधायच्या जागेच्या अलीकडं, पत्र्याखाली गेली. आबांना बिनतेलाचं गिळेना तेव्हा माय टोमॅटो भाजून, तीळ कुटून, चिंचेचा कोळ घालून अशा भाज्या करायला लागली की साहेब एकदा घरी जेवायला आले आणि बोटं चाटून गेले. शिबिरात कुणी तिला हे शिकवलं नव्हतं. तिला शिबिराला कुणी बोलावलंच नव्हतं.

महिना जातो न जातो तोच आबांनी जाहीर केलं की लेकरांनीही सोडायचं. "ह्या वयातच सवय लागली पायजे," ते म्हणाले. गणेश रडला, मी भांडले, पण आबांच्या आवाजापुढं आमचं चाललं नाही. आणि खरं सांगायचं तर मायच्या हातचं ते जेवण चांगलं होतं, थोड्याच दिवसांत आम्हाला आवडायलाही लागलं. माझ्या चेहऱ्यावरच्या पुटकुळ्या गेल्या. आता घरातले तिघं पालेभाज्या खाणारे झाले. दुकान मात्र चालूच होतं. साहेबांनी एक-दोनदा सुचवून बघितलं की धंदाच बदला, पण आबा म्हणाले, "साहेब, खानं सोडलं, हात तोडून दिले न्हाईत." मला ते आवडलं होतं. पण दुकान चालू म्हणजे बोकड कापणं चालू, आणि संध्याकाळचं गाठोडंही चालू. पूर्वी जे चौघांत संपायचं ते आता आबा रोजच्यासारखं आत आणायचे, मायसमोर ठेवायचे, हात धुवायचे आणि कण्यांच्या ताटावर बसायचे.

मायनं आधी काही उपाय करून बघितले. एकदा तिनं वजरी शिजवून शेजारच्या गयाबाईला वाटीभर नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी आबांना कळलं. ते दुकानातून सत्तूर हातात घेऊनच आत आले. मारायला नाही, हातातला खाली ठेवायचं सुचलं नाही म्हणून.

"फुकट वाटून राहिली व्हय? सांजच्याला फुकट भेटते म्हनल्यावर सकाळी इकत कोन घेईल?"

"उरलेलंच दिलं व्हतं."

"उरलेलंच खाते गरीब मानूस. तेच आपलं गिऱ्हाईक हाय."

धंद्याच्या हिशेबानं ते बरोबरच होतं. आमच्यात सगळे असाच विचार करतात. मग तिनं एकदा कुत्र्यांना टाकलं. त्या दिवशी आबा जेवलेच नाहीत. माल कुत्र्याला टाकणं म्हणजे त्यांच्या दृष्टीनं लक्ष्मीला लाथ मारणं. फ्रिज डाळींचा. पुरायला अंगणात जागा नाही, आणि पुरलेलं कुत्री उकरतातच. तेव्हा मायनं फार विचार न करता तेच केलं जे तिच्या आईनं केलं असतं. आमचं तिघांचं वाढून झालं, भांडी झाली की ती बाहेरच्या चुलीपाशी जायची, गाठोडं सोडायची आणि शिजवायची. आणि एकटी बसून खायची. चरबी, खूर, वजरी, जे असेल ते. रोज. आमची उरलेली बिनतेलाची भाजीही त्यातच पुसून घ्यायची, कारण तीसुद्धा टाकायची नसायची.

आबा बारीक होत गेले. शिंप्यानं त्यांचे सदरे आत घेतले, मग नवे शिवले. मान दिसायला लागली. दुकानात गर्दी वाढली, कारण मटण न खाणारा खाटीक बघायला लोक येत आणि आले की रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून अर्धा किलो घेऊन जात. आबा तोडता तोडता त्यांना उपदेश करायचे.

"कमी खात जा, पाटील. ह्याच्यात लई चरबी असते."

"मंग कमी चरबीचं द्या की, खाटीकदादा."

"तसं न्हाई, खानंच कमी करा म्हंतो."

"बरं, मंग आज एक किलोच द्या," असं पाटील म्हणायचे आणि सगळे हसायचे. आबाही हसायचे. मी आत बसून ऐकायचे आणि मलाही हसू यायचं, कबूल करते. आबांचं बोलणं होतंच तसं. फक्त तेच बोलणं आत आल्यावर मायकडं वळायचं, तेव्हा ते हसण्यासारखं राहायचं नाही.

कारण माय फुगत चालली होती. चढावर तिला दम लागायचा. पाय सुजायचे, तहान लागायची, घागरीजवळून ती हलायची नाही. एक जखम पायाच्या बोटाला झाली ती भरता भरेना. तिनं त्यावर हळद दाबली आणि कामाला लागली. आबा तिच्याकडं बघायचे आणि मान हलवायचे. "जिभेवर ताबा पायजे मानसाचा," ते म्हणायचे. रोज म्हणायचे. भिजवलेले मूग चावता चावता म्हणायचे. ते मूग कुणी भिजवलेत, कुणी उपसलेत, कुणी मोड आणलेत, आणि ही बाई बाहेरच्या चुलीपाशी बसून काय आणि का खाते, हे सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत होतं. माय एकदा फक्त मला म्हणाली, "काहून बोलत असतील गं ते? मला का ते गोड लागते?" तिला वजरी आवडायची नाही. मुळात कधीच आवडत नव्हती, हे मला त्या दिवशी कळलं. ती चौघांत बसायची तेव्हा रस्सा आणि भाकर खायची, तुकडे आमचे असायचे.

मी तेव्हा होते त्या वयाची आता माझी मुलगी आहे. ती मोबाइलवर बघून मला सांगते की आई, पूर्ण वनस्पतीजन्य खाल्लं तर असं होतं, तसं होतं. मी तिला सांगते की मला माहीत आहे, मी त्याच्यावरच वाढले आणि आजही बरंचसं तेच खाते. आहाराविरुद्ध माझं एक अवाक्षर नाही. तो चांगला आहे म्हणूनच तर राग आहे. वाईट असता तर एक वेळ म्हणाले असते की बरं झालं, माय वाचली. चांगली गोष्ट घरात आली होती, मायच्या हातांनीच रांधली जात होती आणि तिच्याच ताटात ती उरलीसुरली सोडता कधी आली नाही. लग्नाकार्यात एखादा काका पोट आत ओढून सांगायला लागतो की मी हे सोडलं, ते सोडलं, बघा कसा झालो, तेव्हा मी विचारते की तुमच्या घरात उरलेलं कोण खातं हो? लोकांना वाटतं मी चेष्टा करते. नवरा मला कोपर मारतो. मी तरीही विचारते.

त्याच साहेबांनी कळमनुरीत मोठा कार्यक्रम घेतला आणि त्यात आबांचा सत्कार ठेवला. मंगल कार्यालयाच्या दारावर आबांचे दोन फोटो लावले होते, एक आधीचा आणि एक नंतरचा, आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की खाटकाचंही मन बदललं. ते 'ही' बघून मला तिथंच फलक फाडावासा वाटला. आबांना त्यात काही खुपलं नाही. ते नव्या सदऱ्यात त्या फलकाखाली उभे राहून लोकांना हात जोडत होते. माय सकाळपासून उपाशी होती. साहेबांच्या पाहुण्यांसाठी तिनं घरूनच अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी करून आणली होती, त्यात तिचं खाणं राहून गेलं. दारापाशी टेबल टाकून साखर तपासत होते, फुकट. मी मायचा हात धरला आणि तिला तिथं नेलं. ती नको नको म्हणत होती, "मला काय धाड भरली," म्हणत होती. तपासणाऱ्या बाईनं बोटाला सुई टोचली, पट्टी यंत्रात घातली आणि यंत्राकडं बघत राहिली. पुन्हा दुसरी पट्टी घातली.

"काय खाऊन आल्या का मावशी?"

"सकाळपासून पोटात काई न्हाई, बाई."

"मोजायच्या पलीकडं गेलीय साखर," ती माझ्याकडं बघून म्हणाली. "यंत्र आकडाच दाखवेना. आजच डॉक्टरांना दाखवा. तिथंच आहेत, स्टेजवर."

मी पळतच आबांकडं गेले. ते साहेबांच्या शेजारी बसायला निघाले होते. मी त्यांना सांगितलं, शब्दाला शब्द सांगितलं. त्यांनी ऐकलं. "व्हय व्हय, बघू. कार्यक्रम होऊ दे," म्हणाले आणि पायऱ्या चढून गेले. शाल झाली, नारळ झाला. मग ते बोलायला उभे राहिले. बोलले झकास, त्यात वाद नाही. कसा निर्धार केला, कसं पहाटे उठलो, कशी जीभ जिंकली. "म्या एकट्यानं केलं," म्हणाले. लोक टाळ्या वाजवत होते. मग साहेबांना सुचलं की वहिनींनाही वर बोलवावं. माय लंगडत लंगडत पायऱ्या चढली, पायाच्या बोटाला फडकं बांधलेलं, पदर तोंडाशी. आबांनी तिच्या खांद्यामागं हात नेला आणि माइकमध्ये म्हणाले, "हे बघा, एकाच घरातले दोन नमुने. हा न खानारा अन् ही खानारी. किती सांगितलं, ऐकतच न्हाई. रोज सांजच्याला मटन पायजे म्हंजे पायजे!"

कार्यालय हसलं. पाटील हसले, शिंपी हसला, गयाबाई हसली, जिला ती वजरीची वाटी मिळाली होती. सुई टोचणारी बाई तेवढी हसली नाही. आणि स्टेजवर माझी मायसुद्धा हसली, पदराआड, लाजून, आपलीच चूक सापडल्यासारखी. मी खुर्चीवरून उठले आणि ओरडले, "तिला कोन आनून देते ते बी सांगा की!" पण तोवर कुणीतरी पुन्हा टाळ्या सुरू केल्या होत्या आणि माझा आवाज त्यात गेला. गणेशनं मला खाली ओढलं.

माय त्यानंतर बरीच वर्षं जगली, असं म्हणायची पद्धत आहे. आधी ते बोट काढलं, मग पाऊल, मग नजर गेली. शेवटी नांदेडच्या दवाखान्यात मूत्रपिंडानं गेली. आबा आहेत. गणेशकडं राहतात, अजून नांदेडच्या रस्त्यानं सकाळी फिरून येतात, आणि वय सांगितलं तर लोकांना पटत नाही. मूग आता गणेशची बायको भिजवते.

पण त्या दिवशी अजून सगळं हातात होतं. बोट होतं, पाऊल होतं, डोळे होते. बाजारचा दिवस असल्यामुळे सत्कारावरून आबा सरळ दुकानात गेले. डॉक्टर तोवर निघून गेले होते. दिवेलागणीला आबा आत आले, अंगावर शाल तशीच, आणि हातात गाठोडं. मायसमोर ठेवलं. ती गुडघ्यावर हात देऊन उठायला लागली.

"थांब माय," मी म्हणाले आणि गाठोडं उचलून आबांच्या पुढ्यात ठेवलं. "आबा, मायची साखर यंत्रात मावली न्हाई. तुमाला सांगितलं व्हतं."

"ऐकलं म्या. उद्या दाखवू की नांदेडला."

"डाक्टर काय सांगनार ते आपल्याला ठावं हाय. तुमाला सांगितलं तेच सांगंल. उद्यापासून माय तुमचं खाईल. जे तुमच्या ताटात ते तिच्या. अन् हे बंद."

मला वाटलं आबा चिडतील. मी तयारीत होते, पदरात पुष्कळ बोलणं बांधून बसले होते. पण ते चिडले नाहीत. त्यांनी विचार केला. खरंच केला, कपाळावर आठ्या घालून. "बराबर हाय तुझं," ते म्हणाले. "तिला बी उतार पडंल." मग त्यांनी त्या गाठोड्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, गणेशकडं बघितलं.

"पन मंग हे कोन खाईल?"

त्यात टोमणा नव्हता. ते विचारत होते. उत्तर मिळालं असतं तर त्यांनी ते मान्यही केलं असतं, असं त्यांचं तोंड झालं होतं.

"फेका!" मी ओरडले. "न्हाई तर कापायचं कमी करा! न्हाई तर गावाला फुकट वाटा! तिच्या पोटात काहून टाकता?"

"फेका म्हंजे?" आता मात्र त्यांचा आवाज चढला. "माल हाय तो, पोरी..."

"कशाला भांडून राहिले दोघं," माय म्हणाली. तिनं वाकून गाठोडं उचललं. "मी हाय की."

आणि ती बाहेर गेली. आबांचा आवाज लगेच खाली आला. त्यांनी शाल काढून घडी केली, पाटावर बसले आणि आतूनच विचारलं, "मूग भिजवले का उद्या सकाळसाठी?"

"व्हय, झाकून ठेवलेत फळीवर," बाहेरून उत्तर आलं.

मी अंगणात गेले. माय चुलीपुढं बसली होती, जाळ नुकता धरला होता, भगुण्यात चरबी सुटायला लागली होती. मी कोपऱ्यातली बादली उचलली आणि सगळं पाणी चुलीत ओतलं. फस्स करून धूर उठला, राख दोघींच्या अंगावर उडाली. मला वाटलं आता ती मला मारेल. मारावं असं वाटत होतं, निदान रडावं, निदान काही तरी म्हणावं. तिनं पदरानं तोंड पुसलं. माझ्याकडं बघितलंही नाही. ओली लाकडं एकेक करून बाजूला काढली, भिंतीकडून कापसाच्या कोरड्या पऱ्हाट्या ओढल्या, चुलीत रचल्या आणि वाकून पुन्हा फुंकायला लागली. आबांचं ते भाषण मी कधीतरी विसरेन. तिच्या त्या फुंकण्याचा राग मात्र माझ्यातून अजून गेला नाही.